तुतीच्या पानाची खालची बाजू

"वाट बघणं कसं बंद करायचं, तेवढं सांगा. बाकी काही नको," शरयूबाई म्हणाल्या.

हसनबाबा दर्ग्याच्या पायरीवर दिव्यांसाठी वाती वळत होते. शेजारी तेलाची बाटली. त्यांनी वर पाहिलं नाही.

शरयूबाई दाभोळे सव्वीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत आल्या होत्या. फकिराच्या दारी येणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं. शेजारणीनं फारच गळ घातली, म्हणून आल्या होत्या.

"कोणाची वाट?"

"मुलाची. निषादची. पाच वर्षांपूर्वी त्यानं संशोधन अर्धवट सोडलं. मी म्हणाले, पुन्हा या घरात पाऊल टाकू नकोस... त्यानं ऐकलं."

"फोन करतो?"

"करायचा. सणासुदीला, दोन मिनिटं. मग पुढे महिनाभर मला घास गोड लागायचा नाही. भाद्रपदात मी त्याचा नंबरच ब्लॉक करून टाकला. तरी लक्ष फोनकडेच."

बाबांनी भिंतीलगतच्या तुतीकडे हात केला. वैशाखाच्या उन्हानं तिची पानं माना टाकून लोंबत होती.

"तू झाडांची जाणकार. हिचं पाणी जातं कुठं?"

हे विचारलेलं शरयूबाईंना बरं वाटलं. वर्गात सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पानाच्या खालच्या बाजूला नुसत्या डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं असतात. पाणी त्यांतून वाफ होऊन उडून जातं.

"छिद्रं बुजवली तर?"

"तर पाणी राहील."

बाबांनी तेलाची बाटली पुढे केली.

"बुजव."

शरयूबाईंनी बोटावर तेल घेतलं. एक पान उलटं केलं. बोट पानापाशी गेलं आणि तिथंच राहिलं.

"थांबलीस का?"

"हवा आत येते तीही याच छिद्रांतून. हवा मिळाली नाही, तर एवढ्या उन्हात उभं राहूनही पानाला अन्न करता येत नाही. दिसेल हिरवंगार, पण उपाशी मरेल."

"मग पाण्याला एक दार, हवेला दुसरं, असं काही..."

"नाही. दार एकच."

दर वर्षी फळ्याकडे तोंड करून त्या हेच सांगत आल्या होत्या. आज सांगता सांगता त्यांनी तेलाचं बोट पानापासून मागे घेतलं.

बाबा पुन्हा वाती वळू लागले.

...

बऱ्याच वेळानं शरयूबाईंनी पिशवीतून फोन काढला. तेलकट बोटाला काच दाद देईना. पदराला बोट पुसून त्यांनी निषादचा नंबर मोकळा केला आणि फोन मांडीवर ठेवला.

वाजला नाही.

ऊन पायरीवरून खाली उतरलं, तरी वाजला नाही. आठ महिने दाबून ठेवलेली कळ मात्र छातीत पुन्हा उठली, होती तशीच.

बाबा उठले. हौदातून घागर भरून आणली आणि तुतीच्या आळ्यात ओतू लागले. शरयूबाई ओल्या होत जाणाऱ्या मातीकडे बघत राहिल्या.

"बाबा," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही ओतता त्यातलं जवळजवळ सगळं पाणी हवेतच जाणार."

"म्हणून तर रोज ओततो."