भागूवयनीचा खराटा

हे मी सांगायचं नव्हतं. भागूची गोष्ट गावातच राहू दे, असं घरी बजावलंय. पण बाहेर सांगतात ती अर्धीच.

फार वर्षांमागे, तिवरवाडीच्या किनाऱ्यावर एकही दिवा नव्हता तेव्हा, भागू नावाची बाई होती. थंडीत समुद्री कासविणी वाळूत अंडी घालायला यायच्या. इतक्या, की सकाळी किनारा नांगरल्यासारखा दिसायचा, असं म्हणतात. माणसं त्यांच्या मागावर जाऊन वाळूत सळई खुपसायची. सळईला पिवळं लागलं, की तिथं खणायचं. भागूची सळई कधी चुकायची नाही.

एकदा तिच्या सळईला पिवळं लागलं नाही, पिल्लू आलं. त्याचे पाय अजून चालत होते. भागूनं सळई खाडीत फेकली आणि खराटा उचलला. गाव उठायच्या आत ती कासविणींचे माग झाडून टाकायची.

तिचा दीर गणू हसला, "वयनी, दर्याला हळदीकुंकवाला बोलावलंय काय?"

पण गणू हुशार. झाडलेली वाळू दिसली, की तो तिथंच खणायचा. तिनं झाकलेलं एकूण एक घरटं गेलं. मग भागू अख्खा किनारा झाडू लागली, खाडीपासून कड्यापर्यंत, रोज. तिचं झाडून होईस्तोवर भरती थांबायची, असं म्हणतात. बारा वर्षं गणूला एक अंडं मिळालं नाही.

एका पहाटे ती खराट्यावरच कोसळली. त्या दिवशीचे सगळे माग तिच्यापाशी येऊन थांबले होते, असं म्हणतात. गाव रडलं. गणूही रडला. मग त्यांनी तिला उचलून बाजूला ठेवलं, आणि ती पडली होती तिथंच अंड्यांसाठी खणलं.

अजून माघात गाव तिच्या नावानं किनारा झाडतं. नारळ फुटतो, पाहुणे फोटो काढतात. कासविणी आता चारदोनच येतात, जाळ्यांतून वाचलेल्या. पण खराट्यांच्या आधी सळया जातात. वनखात्याची माणसं येतात तेव्हा वाळूवर ना माग, ना खड्डा. "भागूवयनीची पुण्याई," म्हणून गाव हात जोडतं.

हे 'असं म्हणतात' नाही. हे मी पाहिलंय. आमच्या पडवीत गवताखाली जी टोपली आहे, तिच्यातल्या अंड्यांत काल मी हात घातला तेव्हा—

"जाई! ए जाई! खराटा घेऊन ये गो, उजाडलं!"