तुषारसेन महाराजांना घाम फुटतो

"सगळे रेनडियर सोला आणि मला त्यांच्या कातड्याचा अंगरखा शिवा!" बर्फाळ मुलखाचा राजा तुषारसेन रजयांच्या ढिगाऱ्यातून ओरडला. दात इतके वाजत होते की हुकूम दोनदा द्यावा लागला.

बाहेर हिमवादळ घोंगावत होतं आणि त्यात रेनडियरचा कळप खुशाल रवंथ करत उभा होता. राजाला तेच बघवत नव्हतं!

कळप राखणारी ठकी धावतच दरबारात आली. "महाराज, नुसतं कातडं घेऊन काय होणार? बाहेरची गार हवा त्यांच्या नाकातच गरम होते. ते नाक कुठून आणाल?"

"नाक राहू दे! अंगाला ऊब कशाची?"

"त्यांचा केस न् केस आतून पोकळ असतो. त्यात हवा कोंडते, ऊब टिकते. पण पोकळ ते सगळंच उबदार नसतं हं! नाहीतर तुम्ही प्रधानजींचं डोकं उशाला घेतलं असतं!"

प्रधानजींना ठसका लागला. राजा भडकला. "फार बोलतेस! उद्या दुपारपर्यंत मला घाम फोडून दाखव. शेकोटी नाही, लोकर नाही, कातडं नाही, गरम काढाही नाही! नाहीतर कळप गेलाच!"

ठकी म्हणाली, "फोडते! फक्त न्याहारी रेनडियरसारखी करायची."

सकाळी तिनं राजाला उपाशीपोटी कुरणावर नेलं. मागोमाग प्रधानजी आणि दरबारीही आले. "रेनडियर बर्फाखालचं दगडफूल वासावरून हुडकतात आणि खुरांनी उकरून खातात. मी मुदपाकखान्यातून डबाभर डिंकाचे लाडू आणलेत. हुंगा आणि उकरा! खुरं नाहीत, तर हे फावडं घ्या."

राजानं हुंगलं. नाकात बर्फ गेला! शिंकत शिंकत त्यानं खड्डा खणला. लाडू नाही. दुसरा खणला. "इथं वास येतोय!" तिथंही नाही. शाल गेली, कानटोपी गेली, शेवटी अंगरखाही भिरकावला. रेनडियर चरायचं सोडून बघत राहिले.

"अगं, वितळलो मी! लाडू कुठायत?"

"आधी कपाळ पुसा, महाराज!"

"घाम!" प्रधानजीच किंचाळले.

"बरं, हरलो! पण लाडू?"

"ते मी पहाटेच खाल्ले! पुरले असते तर पहिल्याच खड्ड्यात तुम्ही खात बसला असता. मग घाम कुणाला फुटला असता?"

राजा असा खदखदून हसला, की तोल जाऊन खड्ड्यातच पडला! आतूनच त्यानं फर्मान सोडलं, "कळपाला कुणी हात लावायचा नाही! हे अख्खं कुरण ठकीला इनाम! आणि मेल्यांनो, हसताय काय? मला वर काढा!"