ओलसर जागा

पूर्वी करंजपुर नावाच्या एका लहान नगरात सुबाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या नगरसभेचा लेखक होता. नगर एवढे लहान, की पूर्वेच्या वेशीत कोणी शिंकले तर पश्चिमेच्या वेशीतला माणूस मागे वळून पाही. तरी नगराला सभा होती, सभेला मऊ गाद्या होत्या आणि सभागृहाच्या भिंतीवर नगराचा कापडी आराखडा टांगलेला होता.

नगराच्या वरच्या अंगाला एक मोठे तळे होते. त्याला मातीचा बांध होता, आणि बांधाच्या पायथ्याशी परीट आळी होती. वीस-बावीस घरे असतील. आराखड्यात मात्र ही आळी नव्हती. ज्याने तो काढला त्याने त्या ठिकाणी दोनच शब्द लिहिले होते, ‘ओलसर जागा’. त्यामुळे बांध फुटला की सभेच्या दफ्तरात नोंद होई, ‘पाणी ओलसर जागेत गेले. नुकसान नाही.’ ही नोंद बोधिसत्त्वाच्याच हातची असे. सव्वीस वर्षांत त्याने ती नऊ वेळा लिहिली होती. नवव्या वेळी तर त्याने मागची नोंद न पाहताच लिहिली, आणि ती शब्दाला शब्द तशीच उतरली. त्या दिवशी त्याला फार थकल्यासारखे वाटले.

बांधाचा मक्ता देण्याची रीत ठरलेली होती. फाल्गुनात दवंडी पिटली जाई. मक्तेदार आपापली बोली ताडपत्रावर लिहून एका घड्यात टाकत. लेखक घड्याच्या तोंडावर लाखेची मोहर करी. पौर्णिमेला सभेसमोर घडा उघडला जाई, आणि ज्याची बोली सर्वांत कमी त्याला काम मिळे. बोली नेहमी तिघांच्या येत. अश्वक, त्याचा मेहुणा कंटक आणि चुलतभाऊ नंदिय. काम नेहमी अश्वकाला मिळे. त्याच दिवशी पुढच्या फुटीच्या दुरुस्तीचा मक्ताही देऊन टाकत, म्हणजे पुन्हा सभा बोलवायला नको. यात कोणाला काही वावगे वाटत नसे.

त्या वर्षी घड्यावर मोहर करून बोधिसत्त्व बाहेर आला, तर पायरीशी पाटला नावाची परटीण उभी होती. तिची तक्रार असेल असे समजून तो थांबला. तक्रारी ऐकून घ्यायची त्याला सवय होती.

पाटला म्हणाली, “बाबा, एवढंच इचारायचं व्हतं. यंदा कधी फुटंल?”

“काय?”

“बांध हो. सासरा अंथरुणाला खिळलाय. त्याला पाठकुळी घेऊन टेकाडावर न्यावं लागतं. गेल्या खेपेला आयत्या वेळी पळापळ झाली, अन् सासू पाण्यात गेली. तुमी लिवणारं मानूस. तुमाला ठावं असंल, म्हून इचारलं.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. हाटाचा दिवस विचारावा तसे तिने विचारले होते. एक माणूस पाण्यात गेले होते, आणि बोधिसत्त्वाने लिहिले होते ‘नुकसान नाही’. लाजेने त्याची मान खाली गेली.

संध्याकाळी नगरश्रेष्ठी विपुल त्याच्या घरी आला. विपुल सभेचा मुख्य होता आणि बोलायला मोठा गोड. पायरीवरचे बोलणे त्याच्या कानावर गेले होते. तो म्हणाला, “लेखकमहाशय, यंदा नवा हाटरस्ता आखायचा आहे. वेशीबाहेर तुमचे ते खडकाळ रान आहे ना, रस्ता त्याच्या कडेने न्यावा असे माझ्या मनात आहे. रानाचे सोने होईल. तुम्ही दमलात आता. घडा उघडा, वाचा आणि घरी बसा.”

“मी दमलो आहे हे खरे,” बोधिसत्त्व म्हणाला. विपुलाला वाटले, काम झाले.

करंजपुरात एक जुना नियम होता. पूर्वी एकदा सभागृहाचे छप्पर कोसळले, तेव्हा सभा घडा घेऊन वडाखाली बसली होती. तेव्हापासून ठरले की जिथे घडा ठेवला असेल तिथेच सभा भरावी. घडा लेखकाखेरीज कोणी हलवू नये. आणि केलेले काम एक पावसाळा टिकून राहीपर्यंत दर आठव्या दिवशी सभेने घड्यापाशी बसून त्याची खबर घ्यावी. घडा सभागृहातच राहत असल्याने या नियमाचा कोणाला त्रास झाला नव्हता. सगळे गादीवर बसून खबर घेत.

पौर्णिमेच्या सकाळी बोधिसत्त्वाने घडा खांद्यावर घेतला. गुडघे दुखत होते. दोन ठिकाणी तो टेकला. मग बांधाच्या कडेने उतरून परीट आळीत गेला आणि कपडे धुण्याच्या मोठ्या दगडाशेजारी घडा ठेवून त्याने त्याच्या बुडाशी लाखेची मोहर केली, म्हणजे कोणी हलवला तर कळावे.

दुपारी सभा कुरकुरत खाली आली. पाटलेने दगडांवर घड्या घातलेली धोतरे अंथरली. त्यातले एक नंदियाचेच होते. सगळे बसले. थोड्या वेळाने विपुल दचकून उठला आणि मागे हात लावून म्हणाला, “इथे तर ओल आहे!”

“आराखड्यात लिहिले आहे, श्रेष्ठी,” बोधिसत्त्व म्हणाला.

पाऊस पडायला अजून तीन महिने होते, तळे निम्मे रिकामे होते, तरी बांधाच्या पायथ्यातून पाणी पाझरत होते. खाली बसल्यावर बांध फार उंच दिसत होता. सभेतले बहुतेक जण मान वर करून पाहत राहिले.

बोधिसत्त्वाने घडा उघडला आणि तिन्ही ताडपत्रे दगडावर शेजारी शेजारी मांडली. त्यांच्या शिरा एकातून दुसऱ्यात सरळ जात होत्या. एकच पान तीन तुकडे करून आणलेले होते, आणि अक्षरही एकाच हाताचे होते. त्याने एवढेच विचारले, “यातल्या कोणत्या बोलीचा बांध झाला, तर श्रावणात ही सभा इथे निर्धास्त बसेल?”

अश्वक घाईने म्हणाला, “श्रावणात सभा वर घेऊ की.”

“घडा मी इथे ठेवला आहे. श्रावणात मी इथेच असेन. तुम्हीही याल.”

आळीतल्या एका घरात पाटलेचा सासरा खोकत होता. अश्वकाने आपली बोली मागे घेतली. कंटकाने त्याच्याकडे पाहिले आणि आपलीही घेतली.

नंदिय मात्र बांधाकडे पाहत उभा होता. शेवटी तो म्हणाला, “यावर चार वेळा माझी माणसं राबली. अश्वकदादा सांगेल तसं पान मी घड्यात टाकायचो. पण इथून, खालून, मी कधी पाहिलाच नव्हता. माझं पान परत द्या. मला नवं लिहायचं आहे.”

त्याने नवे पान लिहिले. पायात डोंगराचा दगड, पोटात तुडवलेली चिकणमाती, सांडव्याला चुना. आकडा अश्वकाच्या दुप्पट होता. एरवी सभा त्यावर चार दिवस भांडली असती. त्या दिवशी ओल्या धोतरांनी बसलेल्या सभेला तो आकडा अगदी माफक वाटला.

बांध झाला आणि त्या पावसाळ्यात टिकला. सभा दर आठव्या दिवशी, छत्र्या धरून आणि बोधिसत्त्वाला मनातल्या मनात शिव्या देऊन, खाली बसली. पावसाळा सरताच विपुलाने आपल्या भाच्याला लेखक नेमले. घडा वर नेला आणि साखळीने खांबाला बांधून ठेवला. हाटरस्ता दुसरीकडून गेला. बोधिसत्त्वाच्या खडकाळ रानात एरंड उगवला, आणि तो त्याच्या सावलीत बसू लागला. आराखड्यात परीट आळी आली की नाही, हे त्याला कोणी सांगितले नाही. लेखकपद सोडताना त्याने स्वतःच्या हाताने दफ्तरातल्या त्या जुन्या नोंदीपुढे एका म्हातारीचे नाव मात्र लिहून ठेवले होते.

पुढच्या वर्षी फाल्गुनात पाटला त्याला शोधत रानात आली. “बाबा, यंदा कधी?”

“यंदा नाही, पोरी.”

तिने मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नाही. आषाढात तिने सासऱ्याला पाठकुळी घेऊन टेकाडावर नेले, आश्विनापर्यंत तिथेच ठेवले आणि मग कोरड्या घरात परत आणले.

त्याच्या पुढच्या वर्षी ती विचारायला आली नाही. बोधिसत्त्वाने फाल्गुनभर तिची वाट पाहिली. ती येत नाही याचा त्याला एवढा आनंद झाला, की म्हातारा एकटाच रडला.

ही कथा तथागतांनी जेतवनात एका भिक्षूला सांगितली. विहाराच्या बांधकामावर देखरेख करण्याचे काम त्याच्याकडे होते. तो किल्ल्या पुढे ठेवून म्हणाला होता, “भगवन्, दर वर्षी तीच गळती आणि तेच कारागीर. मी दमलो. मला मोकळे करा.”

कथा संपवून तथागत म्हणाले, “तेव्हाची पाटला म्हणजे आपली चीवरे धुणारी ही उपासिका. तेव्हाचा नंदिय तू होतास. लेखक मी होतो. अश्वक कोण आणि विपुल कोण, ते मी सांगत नाही. ज्याचे त्याला कळले असेल.”

मागच्या रांगेत कोणीतरी खाकरले.

“दमणे हा दोष नाही, भिक्षू. मीही दमलो होतो, दोनदा वाटेत टेकलो होतो. पण घडा खाली नेऊन ठेवला. यालाच वीर्यपारमिता, म्हणजे नेट न सोडण्याचा परम गुण, म्हणतात.”

भिक्षूने किल्ल्या उचलल्या आणि तो गळती पाहायला गेला.