एक घास माशाचा

“औषध टाकलं आणि मासेच मेले तर, अक्का?”

अक्कांनी मान वर केली नाही. मठामागच्या कुंडात पडलेला पाला त्या जाळीने काढत होत्या. त्यांचं वय किती ते कुणालाच माहीत नाही. कुंडातले मासे मात्र त्यांनाच ओळखतात, असं लोक म्हणतात. म्हणून तर मी गेले होते.

जुई माझ्या कडेवर होती. पिशवीत काचेची बरणी होती आणि बरणीत आमच्या फिशटँकमधलं पाणी.

“बस आधी. पोरीला खाली ठेव.”

“पायरी ओली आहे. घसरेल.”

“ठेव.”

ठेवली. पण तिचा फ्रॉक मुठीत धरून ठेवला.

अक्कांनी बरणी उजेडात धरली. काचेला आतून तांदळाच्या कणीएवढ्या गोगलगायी चिकटल्या होत्या.

“कुठून आल्या?”

“ह्यांनी दुकानातून पाण्यातली वेल आणली, तिला चिकटून आल्या असतील. दोन-तीनच होत्या. आता काच पुसली की सकाळी पुन्हा तेवढ्याच. पाण्याला वास येतो. पाच सिक्लिड मासे होते, परवा पिवळा गेला. दुकानदार म्हणतो, औषधाने गोगलगायी मरतात. शेजारच्या भाभी म्हणतात, मेलेल्या आत कुजल्या की मासेही जातात. चार दिवस औषधाची पुडी घेऊन फिरतेय. टाकवत नाही आणि ठेववतही नाही.”

“गेले तर गेले. दुसरे आणा.”

“तसं नाही ना, अक्का...”

मी जुईचा फ्रॉक आणखी घट्ट धरला.

“मासे गेले तर जुई जेवायची नाही.”

अक्कांनी जाळी खाली ठेवली.

मग मी सगळं सांगितलं. दोन महिन्यांमागे अंगणवाडीच्या ताईंनी जुईचं वजन केलं. तक्त्यावरचा तिचा ठिपका हिरव्यातून कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यात उतरला. घरी सासूबाई म्हणाल्या, आईलाच भरवता येत नाही. काऊचा घास झाला, चिऊचा झाला, चांदोमामाचा झाला. जुई आपली ओठ घट्ट मिटून बसायची. एक दिवस तिला टाकीसमोर बसवली आणि चिमूटभर दाणे पाण्यात टाकले. मासे वर आले तशी ती हसली. तोंड उघडलेलं दिसलं की मी घास आत सारला. तेव्हापासून तसंच चाललंय. एक घास माशाचा, एक घास जुईचा.

“आता चौदा घास खाते,” मी म्हणाले.

सांगताना मान जरा ताठ झाली. आमच्या गल्लीत हे कुणाला सुचलं नसतं.

“एका बैठकीला चौदा?”

“हो.”

“आणि माशांना?”

“...तेवढेच. चौदा चिमट्या.”

“दिवसातून किती वेळा?”

“तीनदा. दूध धरलं तर चारदा.”

“मासे उरले किती?”

“चार.”

“चौघांसाठी रोज गावजेवण घालतेस होय गं.”

मला हसू आलं नाही.

“उरलेलं कोण खातं?”

मी बरणीकडे बघितलं. एक गोगलगाय काचेवरून हळूहळू वर चढत होती.

“म्हणजे मीच...”

अक्कांनी बरणी पायरीवर ठेवली.

“तुमच्या कुंडात नाहीत गोगलगायी?”

“आहेत की. चार-दोन.”

“त्यांना तुम्ही काय घालता?”

“काही नाही. म्हणून चार-दोन.”

मला एकदम भीती वाटली.

“दाणे बंद केले तर जुई तोंड उघडणार नाही, अक्का. चालू ठेवले तर मासे जातील, मग तरी कुठे उघडणार. कसंही केलं तरी माझीच पोर उपाशी. सोमवारी पुन्हा वजन आहे.”



अक्कांनी कमरेचं फडकं सोडलं. आत अर्धी भाकरी आणि गुळाचा खडा होता. त्या पायरीवर बसून खायला लागल्या. एक मऊ तुकडा मोडून त्यांनी फडक्याच्या कडेला ठेवला. कुणाला घे म्हणाल्या नाहीत.

“तिला भाकरी चालत नाही,” मी म्हणाले. “घशात अडकते.”

अक्का खात राहिल्या.

जुईने झटका दिला आणि फ्रॉक माझ्या मुठीतून सुटला. ती अक्कांच्या शेजारी जाऊन उकिडवी बसली. त्यांच्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. खूप वेळ...

मग तिने तुकडा उचलला. आधी चाटला, मग चावला.

मी श्वास धरून मोजत होते. एक.

अक्कांनी दुसरा तुकडा ठेवला, तिच्याकडे न बघता. दोन. तिसरा तिने गुळाला पुसून खाल्ला. तीन.

मग ती उठली आणि काढलेल्या पाल्याच्या ढिगाजवळ जाऊन पानं वेचायला लागली.

“तीनच?” मी म्हणाले.

अक्का गुळाचा खडा फडक्यात बांधत होत्या.

“तीन घासांवर कसं भागेल तिचं?”

माझा हात आपोआप गेला. उरलेल्या भाकरीचा तुकडा मोडला, बोटांनी मऊ केला आणि पुढे केला.

“जुई, हे बघ, एक घास माशाचा...”

जुईने वळून बघितलं. आधी कुंडातल्या पाण्याकडे, मग माझ्या बोटांकडे. आणि ओठ घट्ट मिटले.

अक्कांनी माझं मनगट धरलं. दाबून नाही धरलं, पण सोडलंही नाही.



बोटांतला तुकडा घामाने भिजला. बरणीतली गोगलगाय पार झाकणापर्यंत पोचली होती. जुई पाठमोरी बसून एकेक पान ओळीने मांडत होती. मला तिच्या पाठीचे मणके दिसत होते. रोज दिसतात.

“अक्का, सोमवार चार दिवसांवर आलाय.”

अक्कांची पकड तशीच होती.

“निदान टाकीचं तरी सांगा. आधी काय बाहेर काढू? गोगलगायी की ती वेल?”

अक्कांनी माझ्या मनगटाकडे, अजून जुईपुढेच धरलेल्या घासाकडे बघितलं.

“आधी हात काढ.”