दांडीतली सळई

एकदा एक लाकडाचा व्यापारी खांद्याला लांब काळी पिशवी अडकवून तंतुवाद्ये बनवणाऱ्यांच्या गल्लीत शिरला. ती पिशवी ओळखताच एका दुकानात बसलेल्या शिष्याच्या हातातली कानस थांबली.

पिशवीत काय आहे हे त्याला ठाऊक होते. एक विजेवर वाजणारी गिटार. घडण नवी, पण घाट साठ वर्षांपूर्वीचा: जाड दांडी, फिकट पिवळे पॉलिश, साध्या लोखंडी खुंट्या. पाच वर्षांपूर्वी ती ह्याच दुकानातून गेली होती. घेणारा होता व्यापाऱ्याचा मुलगा, सन्मती. दुकानाचे म्हातारे उस्ताद मूळचे सतारी घडवणारे. गिटारच्या मानेलाही ते दांडीच म्हणत. त्यांनी मुलाला डोळे मिटायला लावून तीन गिटारींच्या दांड्या आळीपाळीने हातात दिल्या होत्या. "रंग विसर. तळहाताला कुठली आपली वाटते ते सांग." मुलाने त्यातली दिसायला सर्वांत साधी निवडली. बाप तेव्हा पायरीवरच उभा होता. आत आला नाही. "लाकूड चांगलं आहे," एवढेच बोलला, "धंदा वाईट आहे."

गेल्या वर्षी सन्मती चार दिवसांच्या तापात गेला.

त्यानंतर पंधरा दिवसांनी व्यापारी हीच पिशवी घेऊन दुकानात आला होता. उस्ताद तेव्हा लेकीच्या गावी होते. "हिचं काय करायचं असतं?" असे त्याने शिष्याला विचारले होते. शिष्य ह्या गल्लीत जन्मलेला नव्हता. रेडिओ दुरुस्तीचे काम सोडून चाळिशीच्या उंबरठ्यावर तो उस्तादांकडे शिकायला बसला होता, आणि नवा माणूस रीत जुन्यांपेक्षा घट्ट धरतो. वादक गेला की त्याच्या वाद्याच्या तारा उतरवायच्या, वर्षभर वाद्य मोकळे ठेवायचे, ही गल्लीची रीत. त्याने सहाही तारा उतरवल्या, गुंडाळून व्यापाऱ्याच्या हाती दिल्या आणि म्हणाला, "आता हिला विश्रांती."

उस्ताद परतल्यावर त्याने हे सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नव्हते. पुढे तीन महिन्यांनी एका गिटारचे काम करताना दांडीच्या पोटातली सळई उस्तादांनी त्याला समजावली, तेव्हा सन्मतीच्या गिटारची सळई आपण ताणलेलीच ठेवली, हे त्याला उमगले. मग मात्र सांगायचे धाडस झाले नाही.

आज वर्ष झाले होते. व्यापारी बाकावर बसला. खिशातून घडीचा कागद काढून त्याने उस्तादांसमोर ठेवला.

"त्याच्या टेबलात सापडला. काय काय नवीन बसवायचं ते लिहून ठेवलंय. पिकअप म्हणे, तारांखाली बसतात ते, जुन्या पद्धतीनं हातानं गुंडाळलेले. चांगल्या खुंट्या. हाडाची पट्टी. माझ्याकडं दोनदा मागितलं होतं. मी म्हटलं, आधी वखारीत बसायला शीक." त्याने कागद आणखी पुढे सरकवला. "सगळं बसवा. एक ओळ सोडू नका."

"बसवून वाजवणार कोण, आण्णा?"

"ते तुम्ही कशाला विचारता? मागितलेलं काम करा की."

व्यापाऱ्याने पिशवीची साखळी ओढून गिटार बाहेर काढली. जन्मभर फळ्या पारखलेला माणूस. सवयीने त्याने ती उचलली, एक डोळा मिटला आणि दांडीच्या कडेवरून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली.

"ही वाकलीय," तो म्हणाला. "मधे उचललीय. माझ्या कपाटात होती. ऊन नाही, ओल नाही. कशी वाकली?"

उस्तादांनी गिटार घेऊन तशीच पाहिली. मग शिष्याकडे पाहिले.

शिष्य उठून उभा राहिला. "तारा मी उतरवल्या होत्या. सळई सैल न करता. माझी चूक आहे, आण्णा."

व्यापारी त्याच्याकडे वळला. "तुला चूक कळून किती दिवस झाले?"

"नऊ महिने."

"नऊ महिने," व्यापारी म्हणाला. "त्याचं एवढं एकच शिल्लक होतं, तेही तू वाकडं केलंस. आणि विश्रांती म्हणालास."

"दांडी नवी बसवता येते," शिष्य म्हणाला. "माझ्या खर्चानं. अगदी अशीच मिळते."

"त्याचा हात नवीन दांडीवर फिरलाय का?"

मग उस्तादांनी जे केले ते दोघांनाही कळले नाही. शिकंजा आणला नाही, वजन ठेवले नाही, शेकही दिला नाही. एक बारीक किल्ली दांडीच्या टोकाशी घालून त्यांनी आतली सळई पूर्ण सैल केली. यादीतले काही न बसवता साध्या पण जाड तारा चढवल्या, त्याही ढिल्या, सुराच्या पुष्कळ खाली. आणि गिटार व्यापाऱ्याच्या मांडीवर ठेवली.

"रोज सकाळी यायचं, आण्णा. खुंट्या थोड्या थोड्या पिळायच्या. किती, ते हा दाखवेल."

"मी? मला सूर कळत नाही."

"लाकूड कळतं ना? तेवढं पुरे."

"आणि ह्याच्याकडनं शिकू?"

"त्यानं वाकवलीय. त्याला माहीत आहे कुठं वाकलीय ते."

व्यापारी दुसऱ्या दिवशी आला. का आला हे त्यालाही सांगता आले नसते. पहिले आठ दिवस तो शिष्याशी एक शब्द बोलला नाही. शिष्य सुराच्या यंत्राचा काटा पुढे धरी, व्यापारी खुंटी पिळी. बाकी वेळ तो सगळ्यांशी भांडत असे. चहा गार का, शेजारचा ठोके का मारतो, उस्ताद दार उशिरा का उघडतात. गल्लीतले लोक सांगत की वखारीतही हेच चाललेय. जुने हमाल सोडून गेले होते. मुलीने फोन करणे थांबवले होते. बायको त्याच्या समोरून उठून आत जाई, आणि तो रिकाम्या खोलीला आपले म्हणणे पटवून देत राही.

नवव्या दिवशी खुंटी पिळता पिळता तो कोणाकडेही न बघता म्हणाला, "रोज भांडायचो आम्ही. जेवताना तर हमखास. त्याची आई म्हणायची, तुम्हा दोघांना भांडणाशिवाय घास उतरत नाही."

शिष्याने काटा तसाच धरून ठेवला.

तीन आठवड्यांनी तारा पूर्ण सुरात आल्या. उस्तादांनी सळईला अर्धा फेरा दिला आणि दांडी कडेवरून पाहिली. ती बरीच खाली बसली होती. पण जाड तार पहिल्या दोन पडद्यांवर दाबली की अजून फरफरत होती.

"हे जाईल?" व्यापाऱ्याने विचारले.

"पडदे घासून लपवता येईल," शिष्य म्हणाला. मग थांबून म्हणाला, "जाणार नाही."

उस्तादांनी गिटार भिंतीला टेकवली.

"सतारीत सळई नसते, आण्णा. तारा उतरवल्या की लाकूड खरंच विसावतं. आमची रीत सतारीची आहे आणि तिच्यापुरती ती खोटी नाही. पण ह्या दांडीच्या पोटात लोखंड आहे. तारा एका अंगाला ओढतात, लोखंड दुसऱ्या अंगाला. दोघं जन्मभर एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, म्हणून ती सरळ दिसते. तारा गेल्या की लोखंड थांबत नाही. समोर आता कोणी नाही, हे त्याला कोण सांगणार? ते ओढतच राहतं. आणि ज्याला सरळ धरायचं त्यालाच वाकवतं."

मग ते आवाज उतरवून म्हणाले, "तुम्ही पोराला वखारीकडं ओढलंत, त्यानं तुम्हाला दुसरीकडं. मी त्याला वाईट म्हणत नाही. घर त्यावर उभं होतं. तो गेला. तुम्ही अजून तेवढ्याच जोरानं ओढताय. हमालांना, लेकीला, त्या रिकाम्या खोलीला. आणि हा कागद आणलात तोही त्याच भांडणात, आता का होईना, त्याच्यापुढं हरायला."

व्यापाऱ्याने कागदावर हात ठेवला.

"मग तारा चढवल्यात त्या कशाला?"

"लोखंड सैल केलं तरी लाकूड आपण होऊन परत येत नाही. त्याला कुणाची तरी ओढ लागते. ह्या तारा परक्या आहेत. त्याच्या नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे आणि लाकडालाही. तरी तेवढं काम करतात."

"आणि फरफर?"

"ती राहील. सगळं सरळ होईल असं सांगणारा खोटं सांगतो."

व्यापाऱ्याने मान हलवली. यादीचा कागद घडी करून खिशात ठेवला. काही बसवा असे तो म्हणाला नाही. गिटार पिशवीत घातली, साखळी ओढली आणि पायरी उतरला. तिथून वळून, ह्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा, तो उस्तादांशी न बोलता शिष्याशी बोलला.

"पावसाळ्यात लाकूड फुगतं. सळई बघावी लागेल ना?"

"लागेल, आण्णा."

"मग तूच बघ," तो म्हणाला आणि निघाला.

त्या दिवसापासून कोणी गेलेल्या माणसाचे वाद्य घेऊन आले की शिष्य तारांना लगेच हात लावत नाही. आधी विचारतो, आत काय आहे.

मागे राहिलेल्यांना 'आता मोकळे व्हा' असे सांगायला जाताना आपणही तेवढे विचारावे.