ज्वारी वाढली

फार मागे एका स्वयंपाकघरात, कणगीच्या आडोशाला, उंदरांची बिऱ्हाडं होती. एकदा घरधनीण म्हणाली, "ज्वारी वाढली." ते ऐकून चिंगी उंदरीण हरखली. बिळात होते नव्हते ते दाणे तिने पिल्लांना खाऊ घातले.

दुसऱ्या दिवशी कणगी रिकामी. पिल्लं भुकेने रडू लागली.

शेजारची म्हातारी उंदरीण हसली. "अगं वेडे, माणसं 'संपली' म्हणत नाहीत, 'वाढली' म्हणतात!" तिने आपल्या साठ्यातून पिल्लांना जेवू घातलं. "खाण्याआधी एक दाणा मागे टाकावा, बाळ. उरल्यावर टाकू म्हटलं, तर कधी उरत नाही."

नवी ज्वारी आली, तशी चिंगी दाणा मागे टाकू लागली. तिचं बघून सगळी बिऱ्हाडं टाकू लागली.

पुढे घरधनीण पुन्हा म्हणाली, "ज्वारी वाढली."

चिंगीने बिळात डोकावून पाहिलं.

"आमचीही वाढली, बाई," ती म्हणाली. "खरोखरची."