जुनेर

कपडे आपसांत बोलत, तेव्हाची गोष्ट. एका पेटीत खळीनं ताठ झालेलं कोरं लुगडं आणि धुऊन धुऊन विरलेलं पातळ शेजारी शेजारी राहत. पातळ नेसणाऱ्या सगुणाबाई त्याच वर्षी वारल्या होत्या.

“तुला आता जुनेर म्हणतात, बरं का,” लुगडं म्हणालं. “बोहारीण तुझ्यावर एक चमचासुद्धा देणार नाही!”

“न का देईना,” पातळ म्हणालं. “नेसणारीच गेली. मी राहून तरी काय करू?”

एका सकाळी सगुणाबाईंची सून बाळंत झाली. बाळाला गुंडाळायला कापड हवं म्हणून लेक वत्सला धावत पेटीशी आली आणि त्यातलं चांगलं म्हणून कोरं लुगडं घेऊन गेली.

सुईण ओरडली, “अगं, कोरं कापड बोचेल लेकराला! घरात जुनेर नाही का एखादं?”

“आईचं आहे,” वत्सला हळूच म्हणाली.

पातळात गुंडाळताच बाळ रडायचं थांबलं. थोड्या वेळानं त्यानं ते भिजवलंही.

दोरीवर वाळता वाळता पातळ वाऱ्याला म्हणालं, “जरा जोरात ये रे बाबा. घरात माझी वाट बघतायत.”